बांधलेला खटका

खटका हा शब्द आमच्या निफाडकडच्या बोलण्यात फार जुना. उंदराच्या सापळ्याला खटका, लोखंडी पेटीच्या कडीला खटका, वीज आली तेव्हा भिंतीवरच्या बटणालाही खटका. दोघा भावांचं वाटणीवरून बिनसलं की त्यांचे खटके उडायचे, आणि रात्री पोरगं वेळेवर घरी आलं नाही की आईच्या मनात खटका यायचा. पुढं विजेवर आणि हवेवर चालणारी हत्यारं आली. त्यांच्या मुठीखाली बोटानं ओढायचा जो भाग असतो त्याला कंपनीतले लोक ट्रिगर म्हणायचे. गावात आल्यावर त्याचाही खटकाच झाला. बंदुकीचा तो चाप किंवा घोडा, आणि ड्रिलचा, ग्राइंडरचा तो खटका, अशी वाटणी लोकांनी आपोआप करून टाकली.

कारखाना कधी निघाला, उद्घाटनाला कोण आलं, किती लोकांना काम मिळालं, हे कुठं ना कुठं लिहिलं जातं. त्या लोकांच्या बोटाखाली काय आलं, हे कुणी लिहीत नाही. मी १९८४ साली सातपूरच्या एका कारखान्यात लागलो आणि बहुतेक नोकरी हत्यारांच्या दुरुस्तीवर काढली. 'ट्रिगर चालत नाही' ही तक्रार त्या खिडकीवर जितक्या वेळा ऐकली तितकी दुसरी कुठलीच ऐकली नाही. म्हणून हा इतिहास खटक्याच्या बाजूनं सांगतो. सुरुवात मात्र विहिरीपासून करावी लागते, कारण आमच्या भागातल्या माणसाचं आणि खडकाचं भांडण कारखान्यापेक्षा खूप जुनं आहे.

आमच्याकडं वर काळी माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या आणि त्याखाली काळा फत्तर. विहीर परसानं मोजायची. दोन-तीन परस टिकावानं निघतात, पुढं सुरुंगाशिवाय इलाज नाही. सुरुंगाचं भोक हातानं पाडायचं. एकानं पहार धरायची, दुसऱ्यानं घण मारायचा, प्रत्येक घावानंतर पहार थोडी फिरवायची, मधूनमधून पाणी ओतून भुकटी काढायची. विहिरीची कामं करणारे वडार लोक यात वाकबगार. पहार धरणाऱ्याचा जीव घण मारणाऱ्याच्या नजरेवर असायचा. धरणाऱ्यानं नुसतं "हं" म्हटलं की घण वरच्या वर थांबायचा. त्या कामात थांबवण्याची सोय म्हणजे माणसाचा शब्द. तो ऐकणारा माणूस समोर उभा असायचा.

इगतपुरीच्या खालचा कसाऱ्याचा घाट आमच्या जिल्ह्याच्या उंबऱ्यावरच. त्या घाटातून रेल्वे १८६५ साली वर आली. तिथले बोगदे आणि कडे हजारो मजुरांनी छिन्नी, पहार आणि सुरुंगाच्या दारूवर फोडले. अगदी त्याच काळात युरोपात फ्रान्स आणि इटलीच्या मध्ये आल्प्स डोंगरातून मों सनीचा बोगदा चालला होता. १८५७ साली सुरू झालेलं ते कामही आधी हातानंच होत होतं. १८६१ पासून तिथं सोमेये नावाच्या अभियंत्यानं दाबलेल्या हवेवर चालणारी भोकं पाडायची यंत्रं लावली, आणि १८७१ साली त्या बोगद्यातून गाडी गेली. एकाच काळात, एकाच कामासाठी, तिकडं हवा आणि इकडं घण. आमच्या घणाच्या जागी हवा यायला पुढं शंभर वर्षं लागली.

हवा आली ती ट्रॅक्टरच्या पाठीवर. १९७२ च्या दुष्काळानं सगळ्यांना विहिरी खोल करायला लावल्या आणि त्यानंतर ट्रॅक्टरवर बसवलेले कॉम्प्रेसर गावोगाव फिरू लागले. ट्रॅक्टर काठावर धडधडत उभा, तिथून जाड रबरी नळ्या विहिरीत सोडलेल्या, आणि तळाशी दोघे जण जॅकहॅमर घेऊन उभे. दिवसभरात जे एक-दोन भोकं पडायची ती तासाभरात पडू लागली. वर डबर ओढायला यारी होतीच. बघायला आम्ही पोरं काठावर बसायचो आणि धुरळ्यानं पांढरे होऊन घरी जायचो. तो धुरळा छातीत जातो आणि परत निघत नाही, हे तळाशी काम करणाऱ्यांना पुढं खोकल्यानं शिकवलं.

या जॅकहॅमरची एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. त्याला बोटानं ओढायचा खटका नसतो. मुठीजवळ एक दांडी असते, ती फिरवली की हवा सुरू होते आणि परत फिरवेपर्यंत सुरूच राहते. जमिनीत रोवून दोन्ही हातांनी दाबून धरायच्या यंत्राला ते चालतं. रस्ता फोडायच्या ब्रेकरला मात्र मुठीवरच दाबायची पट्टी असते. ती सोडली की यंत्र गप्प. हा फरक वरवर किरकोळ दिसतो. पण यंत्र सुरू ठेवायला माणसानं काहीतरी सतत करत राहावं लागतं का, की एकदा सुरू केलं की ते माणसाला विसरून चालत राहतं, यावर कितीतरी हात वाचलेले आणि गेलेले आहेत.

बोटाचा खटका हत्याराला कसा आला, तेही बघू. विजेवरचं हातात धरायचं पहिलं ड्रिल जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या फाइन कंपनीनं १८९५ साली केलं. ते छातीनं रेटून चालवायचं जड धूड होतं. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातले ब्लॅक आणि डेकर हे दोन भागीदार. त्यांनी ड्रिलला पिस्तुलासारखी मूठ आणि मुठीतच चाप दिला, आणि १९१७ साली त्याचं पेटंट मिळवलं. माणूस मूठ धरतो त्याच हाताच्या बोटानं यंत्र सुरू होतं, आणि हात सुटला, दचकला, घसरला तर आपोआप बंद होतं. आज हे इतकं साधं वाटतं की त्यात शोध काय, असा प्रश्न पडावा. पण पहार धरणाऱ्याच्या "हं" ची जागा त्या चापानं घेतली होती. थांबवण्याची सोय दुसऱ्या माणसाकडून स्वतःच्या बोटात आली.

मुंबईच्या लोकलमध्ये मोटरमनच्या हाताखाली जे हँडल असतं त्यामागंही हाच विचार आहे. त्याला डेड मॅन्स हँडल म्हणतात. मोटरमनचा हात त्यावरून निघाला तर गाडीला ब्रेक लागतो. नाव ऐकायला अभद्र वाटतं, पण त्यात शहाणपण आहे. माणसाला कधी काय होईल सांगता येत नाही, तेव्हा यंत्रानं माणूस जिवंत आणि जागा असल्याची खात्री क्षणाक्षणाला करून घ्यावी. ड्रिलचा खटका म्हणजे गरिबाघरचं डेड मॅन्स हँडलच.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झालं आणि नाशिकच्या सातपूरला माळावर प्लॉट पडू लागले. १९६४ साली ओझरला विमानाचा कारखाना आला. मायको आली, तिच्या नावाचं मायको सर्कल आजही शहरात आहे, कंपनीचं नाव बॉश होऊन कैक वर्षं झाली तरी. पुढं अंबड झालं. निफाड, दिंडोरी, सिन्नरची पोरं सायकलीवर, एसटीनं, कंपनीच्या गाडीनं कामाला जाऊ लागली. आयटीआय करून आलेल्यांना फाइल, हॅक्सॉ, व्हर्नियर माहीत असायचं. हवेवरची हत्यारं बहुतेकांनी तिथंच पहिल्यांदा हातात घेतली.

ओझरला मिग-२१ बांधायला सुरुवात झाली तेव्हा पत्र्याला पत्रा जोडायचं काम रिव्हेटनं व्हायचं. एका विमानात असे हजारो रिव्हेट. एका बाजूनं रिव्हेट गन धरलेला माणूस, दुसऱ्या बाजूला लोखंडाचा ठोकळा टेकवून बसलेला त्याचा जोडीदार. विहिरीवरचीच जोडी, फक्त घणाच्या जागी गन. आमच्या आळीतले एक काका त्या कामाला होते. ते सांगायचे, की गन चालवायला ताकद लागत नाही, बोट लागतं. खटका थोडा ओढला तर ठोके हळू पडतात, पूर्ण ओढला तर सुसाट. सुरुवातीला दोन-तीन हलके ठोके देऊन रिव्हेट बसवून घ्यायचा, मग दाबायचा, आणि नेमक्या क्षणाला सोडायचा. सोडायला उशीर झाला तर रिव्हेटचं डोकं चपटं होतं किंवा पत्र्याला खड्डा पडतो, आणि तो रिव्हेट ड्रिल करून काढावा लागतो. गन रिव्हेटवर टेकवल्याशिवाय खटका ओढायचा नाही, हा पहिला नियम. रिकामी गन ओढली तर तोंडाशी बसवलेला डाय गोळीसारखा सुटू शकतो. त्यांच्या मते चांगला रिव्हेटर तो, ज्याला सोडता येतं. २०२५ च्या सप्टेंबरात चंदीगडला मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झालं. तेव्हा टीव्हीवर वैमानिकांच्या मुलाखती चालल्या होत्या. मला आपली त्या काकांच्या बोटाची आठवण येत होती.

आमच्या कारखान्यात हत्यारांची खिडकी होती. सकाळी पितळी बिल्ला देऊन हत्यार न्यायचं, संध्याकाळी परत करायचं. खिडकीमागं एक वयस्कर मिस्त्री होते. सगळे त्यांना मामा म्हणायचे. हत्यार परत आलं की मामा ते आधी कानाशी धरायचे. हवेची नळी जोडलेली, खटका सोडलेला, तरी बारीक 'सूंऽऽ' आवाज येतोय का, ते ऐकायचे. मग खटका ओढून सोडायचे. "जाताना टक म्हणतो तसा येताना पण टक म्हणला पाहिजे. येताना मुका झाला, तर समज त्याच्या मनात पाप आहे." मामांचं सगळं शास्त्र या दोन आवाजांत होतं.

हवेच्या हत्यारात खटका म्हणजे एका झडपेचा दरवाजा. खटका ओढला की बारीक पिन आत ढकलली जाते, ती झडप उचलते आणि हवा आत शिरते. सोडला की स्प्रिंग आणि खुद्द हवेचा दाब झडपेला परत जागेवर बसवतात. सोडलेला असताना हवा फुसफुसत असेल तर झडपेच्या बैठकीवर कचरा अडकलाय किंवा रबरी रिंग झिजलीय, एवढंच समजायचं. खटका हळू परत येत असेल तर आत पाणी, गंज किंवा घट्ट झालेलं तेल. पावसाळ्यात हवेतला ओलावा कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी होऊन साचतो. रोज सकाळी टाकीखालचा कॉक उघडून ते पाणी सोडलं नाही, तर नळीतून ते थेट हत्यारात जातं आणि झडपेची पिन गंजते. सातपूरला श्रावणात येणाऱ्या तक्रारी निम्म्या तरी या पाण्याच्या असायच्या. थंडीतला प्रकार वेगळा. निफाडची थंडी सगळ्या महाराष्ट्राला पेपरातून माहीत आहे. चुकीचं घट्ट तेल घातलेलं असलं की डिसेंबरच्या सकाळी पहिल्या पाळीत खटका ओढल्यावर तसाच आत बसून राहायचा. उपाय साधाच. हवा बंद करायची, नळीतली उरलेली हवा सोडून द्यायची, नळी काढायची, झडप उघडून रॉकेलनं धुवायची, हवेच्या हत्यारासाठीचं पातळ तेल द्यायचं. साध्या रबराची रिंग मात्र रॉकेलात टाकायची नाही. ती फुगते, आणि मग धुतलेलं हत्यार न धुतलेल्यापेक्षा वाईट वागतं.

मामांची सगळ्यात मोलाची शिकवण दाबाच्या काट्याविषयी होती. कुणी "ट्रिगर लई जड झालाय मामा" म्हणत आला की मामा हत्याराकडं न बघता आधी लाइनवरचा काटा बघायला जायचे. बहुतेक हातातली हत्यारं सुमारे ६ बार दाबावर, जुन्या भाषेत ९० पौंडावर, चालायला केलेली असतात. काम उरकायचं म्हणून कुणीतरी रेग्युलेटर पिळून दाब वाढवलेला असतो. दाब वाढला की हत्यार जोरात चालतं खरं, पण तोच दाब झडपेला आतून जास्त जोरानं दाबून धरतो, म्हणून खटका ओढायला जड होतो. जड खटक्यानं बोट दुखायला लागतं. दिवसभर तेच केल्यानं कधी बोटाची शीर सुजते, बोट वाकतं ते सरळ होताना अडकतं आणि मग एकदम टक्‌कन सुटतं. डॉक्टर त्या आजारालाच ट्रिगर फिंगर म्हणतात. माणसाच्या बोटाचाच खटका बिघडतो म्हणा ना. आणि बोट दुखायला लागलं की माणूस दुसरी वाट शोधतो. ती वाट कुठं जाते ते पुढं सांगतो.

विजेच्या हत्यारांचा घरोबा वेगळा. मुलुंडच्या रॅलीवुल्फचं ड्रिल आमच्या पिढीनं खूप वापरलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळसारख्या गावात १९७६ साली कुलकर्णी पॉवर टूल्स निघाली, तिची केपीटीची हत्यारं आली तेव्हा आपल्या मातीतलं हत्यार म्हणून लोकांना अप्रूप होतं. पुढं नव्वद सालानंतर परदेशी हत्यारांची रांग लागली, आणि त्यामागून स्वस्त माल आला. आज गावातल्या प्रत्येक वेल्डिंगच्या दुकानात दोन-तीन ग्राइंडर असतात.

इथंही 'ट्रिगर गेला' म्हणून आलेल्या हत्यारात बऱ्याचदा ट्रिगर गेलेलाच नसतो. म्हणून बाहेरून आत जायचं. आधी पिन आणि सॉकेट. मग वायर, तीसुद्धा हत्यारात शिरते तिथल्या मानेजवळ, कारण रोज वाकून वाकून तार तिथंच आतल्या आत तुटते. वायर हलवली की मशीन अडखळत चालतं, तेव्हा दोष मानेत असतो. मग कार्बन ब्रश. खटका ओढला तर चालत नाही, पण अंगावर चापट मारली की चालतं, आणि जाळीतून मोठ्या ठिणग्या दिसतात, तेव्हा ब्रश झिजलेले असतात. ब्रशची जोडी स्विचपेक्षा खूप स्वस्त. पण गिऱ्हाईक 'ट्रिगर गेला' म्हणतंय म्हटल्यावर काही दुकानदार ट्रिगरच बदलून देतात. नव्या ड्रिलना उलटसुलट फिरवायची दांडी असते. ती बरोबर मध्ये राहिली तर कित्येक मॉडेलमध्ये खटका दाबलाच जात नाही. असं ठणठणीत ड्रिल पिशवीत घालून लोक वीस-वीस किलोमीटरवरून घेऊन आलेले मी पाहिलेत.

हे सगळं ठीक असेल, तरच स्विच. पिन काढून, स्विच बाहेर घेऊन, तो सिरीज बोर्डावर लावायचा. बोर्डावरचा बल्ब खटका ओढल्यावर लागला आणि सोडल्यावर विझला तर स्विच निर्दोष. लुकलुकला तर आतले संपर्कबिंदू काळे पडलेत. सोडल्यावरही जळत राहिला तर ते बिंदू वितळून एकमेकांना चिकटलेत, आणि असा स्विच त्याच क्षणी फेकायचा. ग्राइंडरची चकती लोखंडात अडकून मोटर जाम होते, किंवा वीज कमी दाबानं येत असताना मशीनवर जोर काढला जातो, तेव्हा जास्त करंट खेचला जातो आणि हे बिंदू जळतात. आमच्या खेड्यातल्या विजेची रीत ठाऊक असणाऱ्याला यात नवल नाही. हळू-जलद वेग देणाऱ्या खटक्यात इलेक्ट्रॉनिक भाग असतो. अर्धा ओढल्यावरही मशीन एकदम पूर्ण वेगानं सुटायला लागलं तर तो भाग गेला. तिथं साफसफाई चालत नाही, स्विच अख्खा बदलावा लागतो.

आणि तेल. हवेच्या खटक्याला तेल औषध आहे, विजेच्या खटक्याला तेच विष. हे न कळल्यानं किती ड्रिल जळाली असतील, मोजदाद नाही. सिमेंटच्या, संगमरवराच्या धुळीनं खटका अडकायला लागला की लोक त्यात दोन थेंब तेल सोडतात. दोन दिवस गुळगुळीत चालतो. मग तेल, धूळ आणि कार्बनची भुकटी यांचा काळा लगदा होतो, आणि त्यातून वीज नको तिथं वाट काढते.

आता त्या दुसऱ्या वाटेबद्दल. खटका बांधायचा. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापायची, मुठीभोवती दोन वेढे द्यायचे, की खटका कायमचा ओढलेला. कुणी तारेनं बांधतं, कुणी चिकटपट्टीनं. चालू-बंद मग भिंतीवरच्या बटणानं. नगावर पैसे मिळणाऱ्या कामात ही पट्टी मी कितीदा पाहिली. कारखान्यात सुपरवायझर आला की ती चटकन निघायची, गेला की परत चढायची. गावात तर काढायला लावणारंच कुणी नाही.

१९४८ च्या कारखाना कायद्यात २४ वं कलम होतं. यंत्राची शक्ती तोडायची सोय असली पाहिजे, आणि ती सोय चुकून बंदवरून चालूवर सरकू शकत असेल तर तिला बंद ठेवून अडकवायची व्यवस्था असली पाहिजे, असं ते सांगायचं. पण तो कायदा मुळात जिथं वीज आहे आणि दहा माणसं कामाला आहेत अशा जागेसाठी केलेला. गावातल्या शेडमध्ये मालक धरून तीन माणसं. विहिरीच्या तळाशी दोन. तिथं कायदा काठावरूनसुद्धा वाकून बघत नव्हता.

भारनियमनाचे दिवस आठवत असतील. २००५ नंतरची काही वर्षं खेड्यात वीज कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नव्हता. त्या काळातली गोष्ट. आमच्या भागात द्राक्षबागांच्या मांडवासाठी लोखंडी अँगल लागतात. ते कापायचं, जोडायचं काम गावातल्या एका शेडमध्ये चालायचं. माझ्या चुलत भावाचा मुलगा तिथं हंगामापुरता जायचा. तिथल्या मोठ्या ग्राइंडरचा खटका महिनाभरापासून खराब होता. ओढला तरी मध्येच सोडून द्यायचा, दोन बोटं लावून दाबावा लागायचा. म्हणून तो ट्यूबच्या पट्टीनं बांधलेला. दुपारी काम चालू असताना वीज गेली. ग्राइंडर चालवणाऱ्यानं तो तसाच अँगलच्या ढिगावर ठेवला आणि चहाला गेला. भिंतीवरचं बटण कुणी बंद केलं नाही, कारण मशीन तर बंदच होतं. थोड्या वेळानं आमच्या पोरानं ढिगातला अँगल काढायला ग्राइंडर उचलून बाजूला ठेवायचं म्हणून हात घातला, आणि त्याच वेळेला वीज आली.

डावा तळवा आणि तीन बोटांच्या शिरा गेल्या. नाशिकला दोन ऑपरेशनं झाली. हात राहिला, मूठ राहिली नाही. द्राक्षाच्या छाटणीत हा पोरगा गावात पहिल्या दोघा-तिघांत मोडायचा. उजव्या हातात कात्री, डाव्या हातानं काडी धरून डोळे मोजत तो ओळीच्या ओळी काढायचा. आता काडी धरणारा हातच उरला नव्हता. त्याची आजी शेडमालकाला एवढंच म्हणाली, "आरं, तो खटका नीट करायला किती पैसे लागले असते रं?" शेडमालकानं मान वर केली नाही. लागले असते थोडेच. एक स्विच, आणि अर्ध्या तासाचं काम.

त्यानंतर मी बांधलेले खटके मोजायला लागलो. जिथं पट्टी दिसेल तिथं विचारायचो, का बांधलाय. आळसानं बांधला असं फार थोडे म्हणाले. कुणाचा खटका जड होता, कुणाचा मध्येच सुटायचा, कुणाचं मशीन थांबून थांबून चालायचं, कुणाच्या बोटाला सूज होती. चांगला, हलका, ऐकणारा खटका कुणी सहसा बांधत नाही. खटका बांधला जातो त्याच्या आधी तो बिघडलेला असतो आणि कुणी तो दुरुस्त केलेला नसतो. मामा दाबाचा काटा बघायला का पळायचे ते मला तेव्हा नीट उमगलं. ते हत्यार दुरुस्त करत होते, आणि त्याच वेळी ती ट्यूबची पट्टी होण्याआधीच कापून टाकत होते.

आता द्राक्षबागेत बॅटरीवरच्या कात्र्या आल्यात. पेठ, सुरगाण्याकडून छाटणीला येणाऱ्या टोळ्यांतल्या बाया-माणसांच्या हातातही त्या दिसतात. खटका ओढला की पातं मिटतं, सोडला की उघडतं. मनगट दुखत नाही, काम भराभर होतं. पण पातं बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर असतं, आणि काडी आणि करंगळी यातला फरक पात्याला कळत नाही. एप्रिलच्या छाटणीत काडीचा चीक आणि धूळ खटक्याच्या फटीत बसते. मग तो ओढला की लगेच परत येत नाही. अशी कात्री दिसली की मी बांधावर थांबतो. बॅटरी काढायला सांगतो, फटीतला चीक कोरड्या ब्रशनं काढायला सांगतो, आणि खटका चार-पाच वेळा रिकामा ओढून सोडायला लावतो. जाताना टक, येताना टक. येताना मुका असेल तर त्या दिवशी ती कात्री पिशवीत आणि हातात साधी.

परवा सुरगाण्याच्या एका मुलीनं असं करताना मलाच विचारलं, "बाबा, चालू होतोय ना, मग झालं की." तिला म्हटलं, चालू व्हायला भिंतीवरचं बटणही पुरलं असतं. बोटाखाली खटका दिलाय तो थांबण्यासाठी. तिनं कात्री कानाशी धरली, दोनदा ओढून सोडली आणि ओळीत पुढं गेली.